वाहन दुरुस्ती कामगारांचे घातक पदार्थांपासून संरक्षण

वाहन दुरुस्ती कामगारांचे घातक पदार्थांपासून संरक्षण हा व्यावसायिक आरोग्य या विषयाचा एक भाग आहे. मोटारी, मालमोटारी, बस, दुचाकी व ट्रॅक्टर यांची देखभाल करणारे मेकॅनिक, फिटर, वेल्डर, पत्रा सरळ करणारे कारागीर, रंगारी, बॅटरीचे काम करणारे आणि या सर्वांच्या हाताखालचे मदतनीस यांचा त्यात समावेश होतो. काम करताना त्यांचा धूळ, वाफ, धूर, तेल, आम्ल व रंग यांच्याशी रोज संबंध येतो. जॅकवरून गाडी घसरली किंवा आग लागली, तर तो अपघात सर्वांना दिसतो. घातक पदार्थांनी होणारी हानी मात्र बहुधा वर्षानुवर्षे साचत जाते आणि आजार उघड होईपर्यंत कामगार त्या गॅरेजात राहिलेला नसतो. त्यामुळे आजार आणि काम यांचा संबंध जोडला जात नाही.

शरीरात शिरण्याचे मार्ग

घातक पदार्थ शरीरात मुख्यतः तीन वाटांनी शिरतो: श्वासातून, त्वचेतून आणि तोंडावाटे. गॅरेजात श्वासाची वाट सर्वांत महत्त्वाची असली, तरी त्वचेकडे होणारे दुर्लक्ष अधिक आहे. पेट्रोल, थिनर व अन्य विद्रावके त्वचेतील नैसर्गिक स्निग्धांश काढून घेतात. त्वचा कोरडी पडते, भेगाळते आणि त्या भेगांतून पुढचे पदार्थ अधिक सहज आत शिरतात. काम संपल्यावर पेट्रोलने किंवा रॉकेलने हात धुण्याची जुनी सवय या दृष्टीने दुहेरी घातक ठरते. मळक्या हाताने खाणे, विडी ओढणे किंवा तंबाखू मळणे ही तोंडाची वाट होय. शिशासारख्या पदार्थाच्या बाबतीत ती श्वासाच्या वाटेइतकीच महत्त्वाची असते.

नळी तोंडात धरून टाकीतील पेट्रोल ओढणे ही पद्धत स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. पेट्रोल पोटात गेल्याने होणाऱ्या अपायापेक्षा त्याचे थोडे थेंब श्वासनलिकेत गेल्याने होणारा फुप्फुसदाह अधिक गंभीर असतो. अशा वेळी रुग्णाला मुद्दाम उलटी करायला लावू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. उलटीबरोबर पेट्रोल पुन्हा वर येऊन फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. हातपंपाची किंमत अगदी किरकोळ असताना ही पद्धत टिकून राहावी, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

ब्रेक व क्लचमधील धूळ

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज उष्णता व घर्षण सहन करते. म्हणून विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात ब्रेक लायनर आणि क्लच प्लेट यांत ते मोठ्या प्रमाणावर घातले जात असे. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेल्यास ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हा आवरणाचा दुर्मीळ कर्करोग होतो. तंतूंशी संपर्क आल्यापासून मेसोथेलिओमा उघड होईपर्यंत सामान्यतः २० ते ४० वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लोटतो.

मेकॅनिकांना या तंतूंपासून नेमका किती धोका होता, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. ब्रेक लावताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने क्रिसोटाइल जातीच्या ॲस्बेस्टॉसचे बरेचसे रूपांतर तंतुमय नसलेल्या खनिजात होते. त्यामुळे ड्रममध्ये साचलेल्या धुळीत मूळ तंतूंचे प्रमाण कमी आढळते. मेकॅनिकांमध्ये मेसोथेलिओमाचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा वाढलेले नाही, असे काही पाहण्यांचे निष्कर्ष आहेत. उलट बाजूचे संशोधक नवे लायनर घासणे, त्यांच्या कडा तासणे आणि ड्रममध्ये हवा मारणे या कामांकडे बोट दाखवतात. या कामांत न जळलेले तंतू थेट हवेत उडतात. अमेरिकेतील न्यायालयांत हा वाद अनेक खटल्यांतून लढला गेला आहे. मात्र धूळ उडू देऊ नये, याबद्दल दोन्ही पक्षांत फारसा मतभेद नाही.

त्याची पद्धत अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने १९९४ साली नियमात बांधून दिली. आठवड्यातून पाचपेक्षा अधिक ब्रेक किंवा क्लच यांचे काम करणाऱ्या गॅरेजाने चाकाभोवती बंदिस्त आवरण लावून सूक्ष्मकण गाळणाऱ्या निर्वात यंत्राने धूळ ओढावी, अथवा कमी दाबाच्या पाण्याने ती भिजवून खाली ठेवलेल्या भांड्यात धुऊन काढावी. याहून कमी काम असेल तर ओल्या फडक्याने पुसलेले चालते. कोरडे झाडणे आणि दाबाची हवा मारणे या पद्धतींना त्यात स्थान नाही. ओले फडके ही गोष्ट कोणत्याही गल्लीतील गॅरेजाला परवडणारी आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

ब्रिटनने १९९९ साली क्रिसोटाइलवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीस, तर युरोपीय संघात २००५ साली ही बंदी लागू झाली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मार्च २०२४ मध्ये क्रिसोटाइलच्या उरलेल्या वापरावर बंदीचा नियम केला व त्यात बाजारात सुटे विकले जाणारे ब्रेकचे भागही आले. भारतात क्रिसोटाइलची आयात होते. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात कामगाराच्या आरोग्याचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी दीर्घकाळ जपण्याचे आदेश दिले. बिगर-ॲस्बेस्टॉसचे लायनर आता सर्रास मिळतात. तरीही सुटा व बिननावाचा लायनर कशाचा बनला आहे, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून जुन्या वाहनावर काम करताना धुळीत ॲस्बेस्टॉस आहे असे धरूनच चालणे इष्ट ठरते.

विद्रावके आणि हेक्झेनचे प्रकरण

सुट्या भागांवरचे ग्रीस काढण्यासाठी पेट्रोल, डिझेल, रॉकेल, थिनर आणि फवाऱ्याच्या डब्यातून मिळणारे ब्रेक क्लीनर वापरले जातात. पेट्रोलमध्ये बेंझिन असते. ते अस्थिमज्जेला अपाय करते आणि रक्ताचा कर्करोग उत्पन्न करते, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. भारतातील बीएस-६ प्रतीच्या पेट्रोलमध्ये बेंझिनची मर्यादा आकारमानाने १ टक्का आहे. हे प्रमाण अल्प वाटते. परंतु उघड्या पातेल्यात रोज तासन्‌तास पेट्रोलने भाग धुणाऱ्या मुलाच्या नाकाशी ते सतत असते. ट्रायक्लोरोइथिलीन या क्लोरिनयुक्त विद्रावकामुळे मूत्रपिंडाचा कर्करोग होतो. शिवाय क्लोरिनयुक्त विद्रावकाने पुसलेला भाग पूर्ण सुकण्यापूर्वी त्यावर वेल्डिंग केल्यास फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो.

एक घातक पदार्थ काढून त्या जागी दुसरा आणल्यास काय होते, याचे बोलके उदाहरण कॅलिफोर्नियात घडले. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरवर पर्यावरणाच्या कारणास्तव निर्बंध येऊ लागले, तेव्हा उत्पादकांनी हेक्झेन व ॲसिटोन असलेली मिश्रणे बाजारात आणली. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्को परिसरातील एका तरुण मोटार तंत्रज्ञाच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या व बधिरपणा आला. तो दररोज ब्रेक क्लीनरचे डबे वापरत असे. तपासाअंती हा नॉर्मल हेक्झेनमुळे झालेला परिघीय मज्जातंतूंचा विकार असल्याचे निष्पन्न झाले. शोध घेता इतर तंत्रज्ञांतही असे रुग्ण आढळले. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांच्या साप्ताहिकात २००१ साली ही माहिती प्रसिद्ध झाली.

वैद्यकशास्त्राला हे नवीन नव्हते. जपानमध्ये १९६० च्या दशकात सपाता बनवणाऱ्या कामगारांत गोंदातील हेक्झेनमुळे असाच विकार पसरला होता. शरीरात हेक्झेनपासून २,५-हेक्झेनडायोन नावाचे द्रव्य बनते आणि ते लांब मज्जातंतूंना इजा करते. म्हणून लक्षणे आधी पावलांत व बोटांत दिसतात. सोबत ॲसिटोन असल्यास ही विषारी क्रिया वाढते. संपर्क थांबल्यावर रुग्ण सावकाश सुधारतात, पण सुधारणेस महिने लागतात आणि गंभीर प्रकरणांत ती अपुरी राहते. या प्रकरणात ओझोन थर, शहराची हवा व ग्राहक या सर्वांचा विचार झाला होता. डबा हातात धरणाऱ्याचा विचार राहून गेला.

वापरलेले तेल

इंजिनात वापरून काढलेल्या तेलास बोलीत ‘काळे ऑइल’ म्हणतात. इंजिनात जळलेल्या इंधनाचे अंश त्यात मिसळतात व बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने साचतात. त्यांपैकी काही कर्करोगजनक आहेत. ताज्या तेलापेक्षा वापरलेले तेल त्वचेला अधिक घातक असण्याचे हे कारण होय.

या ज्ञानाचा इतिहास गॅरेजापेक्षा बराच जुना आहे. इंग्रज शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या मुलांत पुढे उद्भवणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. व्यवसायजन्य कर्करोगाची ही पहिली ठळक नोंद मानली जाते. पुढे लँकेशायरच्या सूतगिरण्यांत यंत्रातील तेलाने कपडे भिजणाऱ्या कामगारांत तोच रोग आढळला. गॅरेजात तेलकट चिंधी विजारीच्या खिशात खोचण्याची सवय असते. तेल कापडातून झिरपून मांडीच्या व जांघेच्या त्वचेशी दिवसभर राहते. चिंधी खिशात ठेवू नये आणि तेलाने भिजलेले कपडे त्याच दिवशी बदलावेत, ही सूचना म्हणूनच ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शनात आवर्जून दिलेली असते.

महाराष्ट्रात काळे ऑइल गॅरेजाबाहेरही जाते. बांधकामाच्या फळ्यांना ते लावतात, तसेच वाळवी लागू नये म्हणून लाकडालाही फासतात. २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांनुसार वापरलेले तेल अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यांकडेच जाणे अपेक्षित आहे.

त्वचेखाली दाबाने घुसणारे तेल हा वेगळा धोका आहे. डिझेल इंजेक्टरची धार बोटाने तपासताना किंवा ग्रीस गन फुटल्यास अतिदाबाने द्रव त्वचेत शिरतो. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते व दुखतही नाही, म्हणून कामगार काम चालू ठेवतो. ही तातडीच्या शस्त्रक्रियेची अवस्था असते. काही तासांचा विलंबही बोट गमावण्यास पुरेसा ठरू शकतो.

रंगकाम

डेंटिंग-पेंटिंगच्या कामात आधी जुना रंग घासणे, मग लांबी भरून ती घासणे, प्रायमर मारणे आणि शेवटी रंगाचा फवारा देणे असा क्रम असतो. घासताना उडणाऱ्या धुळीत जुन्या रंगातील शिसे व क्रोमेट असू शकतात. भारतात रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भाग इतके मर्यादित करणारा २०१६ चा नियम घरगुती व सजावटी रंगांपुरता आहे. वाहनांचे रंग त्यात येत नाहीत.

हार्डनर मिसळून वापरल्या जाणाऱ्या दोन घटकी रंगांमध्ये आयसोसायनेटे असतात. व्यवसायजन्य दम्याच्या प्रमुख कारणांत त्यांची गणना होते व ब्रिटनमध्ये वाहन रंगाऱ्यांना हा दमा इतरांपेक्षा अनेक पटींनी अधिक होतो. एकदा शरीर या द्रव्याला संवेदनशील झाले, की पुढे अत्यल्प मात्रेनेही दम्याचा झटका येतो. अशा रंगाऱ्याला बहुधा तो धंदाच सोडावा लागतो. भोपाळ येथे २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री गळालेला मिथिल आयसोसायनेट वायू याच कुटुंबातील असला, तरी रंगात वापरली जाणारी आयसोसायनेटे निराळी आहेत. ती फार कमी बाष्पनशील असतात आणि त्यांचा धोका मुख्यतः फवाऱ्याच्या तुषारांतून येतो.

येथे मुखपट्टीविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज आढळतो. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. धुळीसाठी असलेली एन-९५ मुखपट्टीही वाफ अडवत नाही. कोळशाच्या डब्या लावलेली मुखपट्टी साध्या विद्रावकांसाठी उपयोगी असते. परंतु आयसोसायनेट धोकादायक पातळीला पोहोचले तरी त्याचा वास येत नाही, म्हणून डबी निकामी झाल्याचे कळत नाही. अशा फवारणीसाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा वापरावा लागतो. फवारा थांबल्यावरही सूक्ष्म तुषार बूथमध्ये काही मिनिटे तरंगत राहतात व डोळ्यांना दिसत नाहीत. रंग कसा बसला हे पाहण्यासाठी मुखवटा वर करणे ही रंगाऱ्यांची स्वाभाविक सवय नेमकी याच मिनिटांत घडते. ब्रिटनमध्ये रंगाऱ्यांची लघवी तपासून आयसोसायनेटचा अंश शरीरात गेला की नाही, हे पाहण्याची पद्धत आहे.

शिसे, आम्ल आणि बॅटरी

पेट्रोलमध्ये टेट्राइथिल शिसे मिसळण्याची पद्धत अमेरिकेत १९२० च्या दशकात सुरू झाली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील तेलशुद्धीकरण कारखान्यात या द्रव्यावर काम करणाऱ्या पाच जणांचा मृत्यू झाला, तरीही वापर वाढतच गेला. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेरहित पेट्रोल आले. अल्जीरियाने २०२१ साली विक्री थांबवल्यावर जगातील मोटारींसाठीच्या शिसेयुक्त पेट्रोलचा शेवट झाला. त्यापूर्वी कार्ब्युरेटर पेट्रोलने धुणाऱ्या पिढ्यांच्या त्वचेतून किती शिसे गेले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता गॅरेजातील शिशाचा मुख्य उगम बॅटरी हा आहे. जुनी बॅटरी फोडून पट्ट्या काढणे व शिसे वितळवणे हे काम उघड्यावर केल्यास धूर व धूळ कामगाराबरोबर परिसरातील मुलांपर्यंतही पोहोचते. शिशाने रक्तक्षय, पोटदुखी, मज्जातंतूंचे व मूत्रपिंडाचे विकार होतात; मुलांच्या बौद्धिक वाढीवर त्याचा परिणाम कायमचा असतो. बॅटरीतील सल्फ्युरिक आम्ल सौम्य करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

धूर आणि अन्य पदार्थ

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला मानवी कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात टाकले. पेट्रोल इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासरहित असतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट बळाने चिकटतो. थंड देशांत बंद दारांआड इंजिन चालू ठेवल्याने मृत्यू होतात. आपल्याकडील गॅरेजे बहुधा उघडी असल्याने हा धोका कमी आहे, पण खड्ड्यात उतरून काम करताना तो उरतोच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते व खड्ड्यात साचते. तेथे आगीचाही धोका असतो.

कुलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड व मूत्रपिंडाला मारक असते, म्हणून ते पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. चाकांच्या ॲल्युमिनियमला चमक आणणाऱ्या काही द्रवांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते. ते त्वचेखाली खोल जाऊन हाडापर्यंत इजा करते आणि त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा उपचार करावा लागतो.

संरक्षणाचे उपाय

व्यावसायिक आरोग्यशास्त्र उपायांचा एक क्रम मानते. घातक पदार्थ वापरातून काढून टाकणे किंवा त्याऐवजी कमी घातक पदार्थ आणणे हा पहिला उपाय. त्यानंतर यंत्ररचनेत बदल, मग कामाच्या पद्धतीत बदल आणि सर्वांत शेवटी हातमोजे व मुखपट्टी. प्रत्यक्षात मालक मुखपट्टीपासून सुरुवात करतात आणि बहुधा तेथेच थांबतात. याचे कारण उघड आहे: मुखपट्टी स्वस्त असते आणि ती घातली नाही तर दोष कामगारावर टाकता येतो.

भाग धुण्यासाठी पाण्यावर आधारित द्रावणाचे झाकण असलेले टाके, सायलेन्सरला लावून धूर बाहेर सोडणारी नळी, घासण्याच्या यंत्रालाच जोडलेली धूळ ओढणारी पिशवी आणि रंगासाठी हवा खेचणारा बूथ ही यंत्ररचनेची उदाहरणे होत. हातमोज्यांत नायट्राइलचे मोजे तेल व पेट्रोल बऱ्यापैकी अडवतात. साध्या रबराचे मोजे पेट्रोलने फुगतात व निकामी होतात. हात धुण्यास साबण व पाणी पुरेसे असते, मात्र धुतल्यावर तेल किंवा मलम लावून त्वचेचा ओलावा राखणे आवश्यक असते.

डब्यात काय आहे हे कळल्याखेरीज यांपैकी काहीच नीट करता येत नाही. रसायनाबरोबर मिळणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकात घटक, धोके व प्रथमोपचार १६ भागांत दिलेले असतात. परंतु थिनर सुटे विकत घेतले आणि शीतपेयाच्या बाटलीत भरले, की ती माहिती दुकानातच राहते. पत्रके बहुतेक इंग्रजीत असतात, ही दुसरी अडचण. आयटीआयमधील ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्यांना सुरक्षेची काही माहिती मिळते. उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्यांना उस्तादाच्या सवयी मिळतात.

कायद्याची स्थिती

ब्रिटनमध्ये आरोग्यास घातक पदार्थांच्या नियंत्रणाचे नियम प्रथम १९८८ साली आले. सध्याचे २००२ चे आहेत. ते कामगारांच्या संख्येवर अवलंबून नाहीत. भारतात भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली, १९४८ च्या कारखाना कायद्यात घातक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि धोक्यांची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक झाले. मात्र वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान १० व वीज न वापरणाऱ्या ठिकाणी किमान २० कामगार असतील, तरच हा कायदा सामान्यतः लागू होत असे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० मध्ये या मर्यादा अनुक्रमे २० व ४० झाल्या. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. अत्यंत धोकादायक कामे चालणाऱ्या लहान आस्थापनांनाही ती अधिसूचनेद्वारे लागू करण्याची तरतूद आहे.

याचा परिणाम असा, की राज्य परिवहन महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांसारखी मोठी ठिकाणे कायद्याच्या कक्षेत येतात, तर रस्त्याकडेचे तीन-चार जणांचे गॅरेज बाहेर राहते. घातक पदार्थ मात्र दोन्हीकडे तेच असतात आणि हवा खेचणारी यंत्रणा असण्याची शक्यता पहिल्या ठिकाणी अधिक.

बालकामगारांच्या बाबतीत कायदा अधिक स्पष्ट आहे. १९८६ च्या कायद्याच्या परिशिष्टातील निषिद्ध व्यवसायांत मोटार कार्यशाळा व गॅरेजे यांचा समावेश होता. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत कामाला ठेवण्यास बंदी झाली. कुटुंबाच्या धंद्यात शाळेबाहेरच्या वेळेत केलेल्या मदतीचा अपवाद ठेवला, पण तोही धोकादायक व्यवसायांना लागू नाही. वाढत्या वयात शिसे व विद्रावके यांचा परिणाम प्रौढांपेक्षा तीव्र असतो. पातेल्यात भाग धुण्याचे काम सर्वांत लहान मदतनिसाकडे देण्याची गॅरेजातील रीत पाहता, सर्वाधिक वाफ सर्वांत कोवळ्या फुप्फुसात जाते.

भरपाईच्या बाबतीत १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात शिशाची व बेंझिनची विषबाधा तसेच ॲस्बेस्टॉसिस हे व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले होते. आता हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आला आहे. दावा करणाऱ्याला आपण कोठे व किती काळ काम केले हे दाखवावे लागते. लहान गॅरेजात हजेरीपत्रकच नसते, आणि वीस-तीस वर्षांनी आजार निघाल्यावर तर गॅरेजही त्या जागी असतेच असे नाही. या विषयावरील संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था अहमदाबाद येथे आहे.

विद्युत वाहने

विद्युत वाहनांच्या दुरुस्तीत इंजिन ऑइल, पेट्रोल व धूर हे पदार्थ नसतात. ब्रेकची झीजही कमी होते, कारण वेग कमी करताना मोटारच वीज निर्माण करते. त्याऐवजी उच्च दाबाची वीज आणि लिथियम-आयन बॅटरी हे धोके येतात. अशी बॅटरी फुटली किंवा पेटली, तर तिच्यातील लवणापासून हायड्रोजन फ्लुओराइड हा दाहक वायू निघतो. सुजलेली किंवा अपघातात चेपलेली बॅटरी उघडू नये व इमारतीपासून दूर मोकळ्या जागी ठेवावी. रंगकाम, लांबी घासणे आणि भाग साफ करण्याची विद्रावके मात्र या गाड्यांनाही लागतातच.